दीड मिनिटात स्थळाची चौकशी

एक मालिका बघून संपवायला लोकांना दोन-दोन वर्षं लागतात. बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या गुरुराजअण्णांना दीड मिनिट पुरायचं! नवी मालिका सुरू झाली की तिचं टायटल तेवढं बघायचं, शीर्षकगीत संपलं की रिमोट बायकोच्या हातात द्यायचा, आणि खुर्चीतून उठता उठता सगळी मालिका सांगून मोकळं व्हायचं. थोरली सून सोशिक, धाकटी आगलावी. तो चष्मेवाला मुलगा या घरातला नाहीच, पुढं उघडकीला येईल. आजोबा दिवाळीपर्यंत टिकत नाहीत. आणि तसंच व्हायचं हो! एक आजोबा तर वसुबारसेच्याच दिवशी गेले. तेव्हापासून मजल्यावरच्या तीन घरांतल्या बायका नव्या मालिकेच्या पहिल्या दिवशी निकाल ऐकायला अण्णांच्या दाराशी येऊन उभ्या राहू लागल्या.

यात जादूबिदू काही नाही, असं अण्णा स्वतःच सांगायचे. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षं त्यांनी इन्स्पेक्शन खात्यात काढली होती. दहा हजार बोल्टांची खेप आली की त्यातले पाच उचलायचे, मापायचे, आणि पाचांवरून दहा हजारांचा निकाल लावायचा. "नमुना खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मालिकेचं टायटल म्हणजे मालिकेचा नमुना. बनवणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक असतं, ते त्याच्या पोटात राहत नाही. सरळ मनाची बाई टायटलमध्ये समोरून हसते, तोंडावर भरपूर उजेड. कपटी बाई पाठमोरी उभी राहते आणि खांद्यावरून अर्धंच तोंड दाखवते. सगळ्यांत शेवटी 'आणि' लिहून ज्याचं नाव येतं, घराची दोरी त्याच्या हातात. आणि वाजता वाजता तबला गप्प झाला, की तिथं कुणाचं तरी वाटोळं होणार.

आता असा माणूस मालिकांवरच थांबला असता तर मला हे सांगत बसायचं कारण नव्हतं. पण त्याच सुमाराला त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं.

भार्गवी त्यांची एकुलती एक. महादेवपुऱ्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, आणि तिथंच शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या अजिंक्यशी तिचं जमलेलं. मुलाकडची माणसं मूळची निपाणीची, पंचवीस वर्षं बेंगळुरात. वडील पिराजीराव, त्यांचं पीण्यात लेथ मशीनचं लहानसं वर्कशॉप. आई चौदा वर्षांपूर्वी वारली. पिराजीरावांची थोरली बहीण यल्लव्वा हिनं दोन्ही पोरांना वाढवलं. अजिंक्यची धाकटी बहीण प्रियदर्शनी जाहिराती बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला. अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं, पीण्याचं नाव निघाल्यावर तर ते विरघळलेच, आणि रविवारी दोन्ही घरांनी भेटायचं ठरलं. भार्गवी त्या आठवड्यात घरात गुणगुणत फिरत होती. आईबापांनी तिला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

मंगळवारी प्रियदर्शनीनं हौसेनं एक व्हिडिओ पाठवला. भेटण्याआधी आमची माणसं बघून घ्या, म्हणून. आणि केला कसा, तर थेट मालिकेच्या टायटलसारखा! बासरी, तबला, एकेक माणूस येतोय, खाली नाव उमटतंय. भार्गवीनं तो टीव्हीवर लावला आणि म्हणाली, "बघा अण्णा, तुमच्यासाठी खास."

अण्णा सावरून बसले. पहिल्यांदा बघितला तेव्हा हसले. दुसऱ्यांदा हसू कमी झालं. भार्गवी ऑफिसला गेल्यावर तो त्यांनी आणखी नऊ वेळा बघितला आणि मग उठून स्वयंपाकघरात गेले. त्यांची बायको पद्मावतीबाई साराला फोडणी देत होत्या.

"पद्मा, मुलाचं पहिलं लग्न झालेलं आहे."

पद्मावतीबाईंच्या हातातली पळी थांबली. त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं. अण्णा म्हणाले, टायटलनं. पळी पुन्हा चालू झाली.

पण अण्णा आता थांबणार होते थोडेच! त्यांनी एकेक मुद्दा बोटावर मोजून दाखवला. झोपाळ्यावर पिराजीराव बसलेत, दोन्ही पोरं मागं उभी, आणि शेजारची जागा रिकामी. नुसती रिकामी नाही, कॅमेरा त्या जागेवर चांगला तीन सेकंद थांबतो. म्हणजे या घरातून एक बाई गेलेली आहे. मुलगा दारातून बाहेर पडतो, पायरीवर थांबतो आणि मागं वळून बघतो. ज्याचं मागं काही राहिलंय तोच मागं बघतो! आता ती आत्या. पाठमोरी. खांद्यावरून अर्धंच तोंड, दुसरी बाजू सबंध टायटलभर दिसत नाही. नाव सगळ्यांत शेवटी, आणि त्याच्याआधी 'आणि'. ती वळते तेव्हा तबला बंद! उघड आहे, आत्येनं पहिल्या सुनेला घालवलं. झोपाळ्यामागं भिंतीवर कॅलेंडर आहे ते हुबळीच्या दुकानाचं, तेव्हा सून हुबळीची असणार.

पद्मावतीबाईंनी शांतपणे सांगितलं, की भार्गवी तीन वर्षं त्या मुलाच्या शेजारी बसते. एवढी शंका असेल तर तिला विचारा, नाही तर त्याला फोन करून विचारा.

"बोल्टाला विचारून कुणी माप घेतं का?" अण्णा म्हणाले. बाई पुन्हा फोडणीकडं वळल्या, आणि अण्णांनी तोच होकार धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच ते बसवनगुडीला बहिणीकडं पोचले. अंबुबाई म्हणजे त्यांची थोरली अक्का. लग्नाच्या स्थळाची चौकशी बायकांकडूनच होते, आणि अक्काच्या ओळखी धारवाडपर्यंत. देवाची शपथ घालून अण्णांनी तिला सगळं सांगितलं. टायटलचं मात्र गाळलं, कारण अक्काचा मालिकांवर विश्वास नव्हता. नुसतं म्हणाले, असं असं कळलंय, हुबळीची कुणी होती, स्वल्प बघ. अक्कानं शपथ मानली. त्या दिवशी तिनं फक्त एकच फोन केला.

आमची ही बेंगळुरातली जुनी मराठी घरं तुम्हाला ठाऊक नसतील. शहाजीराजांच्या मागोमाग इथं आलो असं प्रत्येक घर छाती काढून सांगतं. लढायला कोण आलं आणि जेवायला कोण, ते कुणी विचारत नाही. पण पावणेचारशे वर्षं आपापसांत सोयरिकी करून आता असं झालंय, की कुणीही कुणाचा तरी मामा लागतो आणि एका घरात शिंकलं की मैसूरला रुमाल काढतात.

तर शुक्रवारी संध्याकाळी अण्णांना हुबळीहून फोन आला. त्रिविक्रमचा. हा अंबुअक्काच्या नणंदेचा, मैसूरच्या गोदूबाईंचा मुलगा, बँकेतला अधिकारी, एरवी मोजून बोलणारा. म्हणाला, "गुरुराजमामा, मन घट्ट करा. भार्गवीसाठी बघितलेल्या मुलाचं पहिलं लग्न झालंय. इथलीच मुलगी. तीन वर्षांची लेक आहे पदरात. आत्येनं नेसत्या वस्त्रानिशी बाहेर काढलं म्हणतात."

अण्णा उठून उभेच राहिले! आपण इथं राजाजीनगरात बसून दीड मिनिटात जे ओळखलं, ते प्रत्यक्ष हुबळीतला बँक अधिकारी सांगतोय! बाप म्हणून काळीज तुटत होतं, पण आतला इन्स्पेक्टर आनंदानं नाचत होता, आणि पहिला पाव तास इन्स्पेक्टरच जिंकला. फोन ठेवून ते घरभर फिरले, स्वतःशी "लेक! लेकीचं टायटलमध्ये नव्हतं!" असं पुटपुटले. मग बाहेरच्या खोलीतून भार्गवीचं हसणं ऐकू आलं. फोनवर त्या मुलाशीच बोलत होती. तेव्हा कुठं अण्णा मटकन खाली बसले. पोरीला आत्ता सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. रविवारी चौघांसमोर, पुराव्यासकट, एकदाच काय ते विचारायचं.

रविवारी मुलाकडची मंडळी वेळेवर आली. भार्गवी आईची अंजिरी साडी नेसली होती. पिराजीराव पांढऱ्या शर्टात अवघडून बसले, अजिंक्यनं वाकून नमस्कार केला, प्रियदर्शनी येता येताच पद्मावतीबाईंना बिलगली. आणि यल्लव्वा आत्या? डोक्यावरून पदर, आणि तो पदर डाव्या गालावर ओढून घट्ट धरलेला! अर्धंच तोंड! अण्णांनी बायकोकडं अशा नजरेनं बघितलं, की आता तरी पटलं का. पद्मावतीबाईंनी केसरीभाताच्या बशा पुढं केल्या.

अण्णांनी बशीला हात लावला नाही. घसा खाकरला आणि म्हणाले, "पिराजीराव, खाण्याआधी एक विचारतो. ती हुबळीची मुलगी आणि तिची लेक, त्यांचं तुम्ही काय केलंत?"

पिराजीरावांनी मुलाकडं बघितलं, मुलानं भार्गवीकडं, भार्गवीनं बापाकडं. अजिंक्य म्हणाला, कुठली हुबळीची, काका? अण्णा म्हणाले, तुझी पहिली बायको. भार्गवीच्या हातातली बशी टेबलावर आपटली.

आता कुणी सभ्य माणूस असता तर इथं चाचरला असता. पण अण्णांकडं पुरावा होता! त्यांनी फोन काढला, सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला आणि त्रिविक्रमला गाठलं. बाबा रे, तू जे सांगितलंस ते तुला कुणी सांगितलं, स्पष्ट बोल. त्रिविक्रम म्हणाला, आईनं सांगितलं. अण्णा जरा गोंधळले. त्यांना वाटलं होतं, हुबळीत कुणी साक्षीदार भेटला असेल. मैसूरला फोन लावला. गोदूबाई म्हणाल्या, मला अंबुवहिनीनं सांगितलं. आणि ती तीन वर्षांची लेक? तर ते म्हणे त्यांनी आपल्या अंदाजानं म्हटलं, एवढं लग्न होऊन पदरात काहीतरी असणारच की! फोन ठेवावा असं अण्णांना फार वाटलं, पण पिराजीराव म्हणाले, "पुढचाही लावा."

पुढचा लागला. अंबुअक्का स्वयंपाकात होत्या, कुकरची शिट्टी ऐकू येत होती. त्या म्हणाल्या, "अरे गुरू, बुधवारी सकाळी तूच नाही का येऊन सांगितलंस? शपथ घातलीस म्हणून मी एकट्या गोदूलाच बोलले."

अण्णांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. पिराजीरावांनी हळूच विचारलं, मग तुम्हाला कुणी सांगितलं? अण्णांनी बायकोकडं बघितलं. शेवटी पद्मावतीबाईंनीच सांगितलं, की तुमच्या प्रियदर्शनीनं पाठवलेल्या व्हिडिओनं. रिकामा झोपाळा, मागं वळून बघणं, अर्धं तोंड, तबला, सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही.

प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. तिनं खाली बघतच उत्तरं दिली. दादा मागं वळून बघतो कारण तो रोज हेल्मेट विसरतो, आतून आत्ती ओरडते. झोपाळ्यावरची ती जागा आईची. बाबा अजून तिथं कुणाला बसू देत नाहीत, म्हणून कॅमेरा तिथं थांबवला. आई टायटलमध्ये पाहिजेच होती. आणि आत्तीचं नाव शेवटी घातलं, कारण मोठ्या माणसाचं नाव मानानं शेवटी येतं. ती वळते तेव्हा तबला बंद केला, कारण ती घरात आली की आम्ही दोघं भांडण बंद करायचो. एवढं बोलून ती थांबली. अर्ध्या तोंडाचं तिला सांगवेना.

ते यल्लव्वानं सांगितलं. तिनं गालावरचा पदर बाजूला केला. तोंडाची डावी बाजू खाली ओढली गेली होती, डोळा अर्धवट मिटलेला.

"दोन वर्सांमागं अंगावरनं वारं गेलं," ती म्हणाली. "फोटो काढू देत न्हवते मी. पोरगी म्हनली, आत्ती, तुजी चांगली बाजू घेतो, पन तू पायजेस. तुमी पोरीचं बाप हाय, इचारनारच. मी बी इचारलं असतं. पन दारात येऊन इचारलं असतं."

अण्णा उठले आणि सगळ्यांदेखत त्या बाईच्या पाया पडले. त्यांना रडू आवरेना. नमुना अगदी बरोबर होता हो! या घरातून एक बाई गेलेली होती, दुसरीनं घर धरून ठेवलं होतं, आणि एका पोरीनं ते सगळं दीड मिनिटात मांडून दाखवलं होतं. चुकलं होतं ते मापणाऱ्याचं. भार्गवी एवढंच म्हणाली, "अण्णा, मला एकदा विचारायचं होतंत," आणि आत निघून गेली.

जाताना पिराजीराव दारात थांबले. मुलगी आम्हाला पसंत आहे, म्हणाले, राग धरून बसणारी माणसं आम्ही नाही. पण हुबळीत आमचीही सोयरी आहेत, उद्या त्यांच्या कानावर जाईल. "माझ्या पोराच्या नावाला जे लागलंय ते निघू दे. मग तारीख काढू."

सोमवारी सकाळपासून अण्णा फोनला बसले. मुलगा निर्मळ आहे, पहिलं लग्न नाही, लेक नाही, चूक माझी. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, सरी सरी, ठीक आहे, मुलीचा बाप आहेस, तू असंच म्हणणार. एकजण म्हणाला, झाकताय ते बरं करताय, आम्ही कुणाला बोलणार नाही. एका मामीनं विचारलं, की त्या लोकांनी तुम्हाला धमकी दिली आहे का? अण्णा जितकं नाही म्हणत तितकं लोकांचं हो पक्कं होत गेलं. बुधवारी शिवमोग्ग्याहून कळलं, की त्या लेकीला एक भाऊसुद्धा आहे. अण्णांनी जेवण सोडलं. टीव्हीकडं तर ते बघेनात. भार्गवी ऑफिसातून यायची ती थेट खोलीत जायची, आणि आतून गुणगुणणं नाही की हसणं नाही. अण्णा दाराबाहेर उभे राहून परत फिरायचे.

गुरुवारी गोदूबाईंचा मैसूरहून फोन आला. आवाज इतका मऊ, की अण्णांना आधी ओळखूच येईना. झोप लागते का, म्हणाल्या. औषध चालू आहे ना? मला ओळखलंत का, मी कोण बोलतेय सांगा बघू? अण्णा चक्रावले. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. तेव्हा गोदूबाई गहिवरून म्हणाल्या, की आम्हाला सगळं कळलंय. रिटायर झाल्यापासून डोक्यावर परिणाम झाला, टीव्हीतली माणसं खरी वाटायला लागली, आणि त्यातच त्या बिचाऱ्या मुलाचं भलतं लग्न तुमच्या डोक्यानं लावून दिलं. मुलगा सोन्यासारखा आणि त्याच्या घरचे देवमाणसं, म्हणून निभावून घेताहेत.

"कुणी सांगितलं?" अण्णा किंचाळले.

कुणाला सांगू नका म्हणून अंबुवहिनीनं सांगितलं, गोदूबाई म्हणाल्या. आणि तिला पद्मावतीनं.

अण्णा तरातरा स्वयंपाकघरात गेले. पद्मावतीबाई अवरेकाईच्या वालासारख्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघताच सांगितलं, की तासाभरापूर्वी पिराजीरावांचा फोन येऊन गेला. त्यांच्या हुबळीच्या सोयऱ्यांनी मुलीच्या बापाबद्दल हळहळ कळवली आहे. पोराचं नाव धुतल्यासारखं झालंय. पंधरा दिवसांनी साखरपुडा. भार्गवीलाही ऑफिसात फोन करून कळवलंय, ती आनंदानं रडत होती.

"आणि माझं नाव?" अण्णांनी विचारलं.

"दोघांतल्या एकाचं जाणारच होतं," पद्मावतीबाई म्हणाल्या. "त्याचं सगळं आयुष्य जायचंय. तुमचं बरंचसं झालंय."

अण्णा मुकाट्यानं खाली बसले. चार शेंगा सोलल्या. पोरीचं लग्न होतंय, त्यापुढं आपलं नाव ते काय, असं त्यांनी मनाला समजावलं, आणि ते खरंच पटलंही. मग त्यांना नवीच धास्ती पडली. साखरपुड्याला अंबुअक्का येणार, मैसूर येणार, हुबळी येणार, सगळे निरखून बघणार. मी शहाणा दिसलो तर पुन्हा सगळं उलटेल की!

"लग्न होईपर्यंत स्वल्प वेड्यासारखं वागावं लागेल, एवढंच," पद्मावतीबाई म्हणाल्या.

"मला कसं जमणार ते? काय करू मी नेमकं?"

पद्मावतीबाईंनी सोललेले दाणे ताटात ओतले आणि नवऱ्याकडं मायेनं बघितलं.

"वेगळं काही करू नका," त्या म्हणाल्या. "रोज वागता तसंच वागा."